कातळ मळकट, आकाश मात्र शाबूत: सह्याद्रीतल्या लार्ज फॉरमॅट निगेटिव्हमधला हरवलेला उठाव

पहाटे अंधारात चढून जायचं. पाठीवर चार बाय पाच इंची शीट फिल्मचा कॅमेरा, दोन लेन्स, सहा फिल्म होल्डर आणि ट्रायपॉड. कड्याच्या टोकावर थांबून स्पॉट मीटरने, म्हणजे एका ठिपक्यापुरताच उजेड मोजणाऱ्या मीटरने, सगळीकडचे आकडे घ्यायचे, वहीत लिहायचे, दोन शीट खर्च करायच्या आणि उतरायचं. घरी येऊन फिल्म डेव्हलप केली की लाइट बॉक्सवर निगेटिव्ह बरी दिसते. आकाश बंद झालेलं नाही, सावलीत तपशील आहे. प्रिंट काढायला घेतली की मात्र कातळ म्हणजे एकसंध करडा गोळा. थर आहेत, भेगा आहेत, थरांच्या कडेने वाळलेल्या गवताच्या रेघा आहेत, पण एकही गोष्ट दुसरीपासून सुटत नाही. कागदाची ग्रेड, म्हणजे काँट्रास्ट, वाढवली तर भेगा काळ्याकुट्ट आणि आकाश कोरं. उतरवली तर सगळ्या चित्रावर राख फासल्यासारखी.

हा अनुभव मी तीन हिवाळे सलग घेतला आणि प्रत्येक वेळी दोष वेगळ्याच गोष्टीवर ढकलला: कधी फिल्मवर, कधी डेव्हलपरवर, कधी एन्लार्जरच्या बल्बवर. खरं कारण कळायला वेळ लागला, कारण ते चुकीत नव्हतंच. मी पुस्तकी पद्धतीने अगदी बरोबर करत होते, आणि तिथेच घोटाळा होता.

आधी निगेटिव्ह वाचा

काहीही बदलण्याआधी हातातली निगेटिव्ह नीट बघा, आणि तिचे दोन भाग वेगवेगळे बघा. सावली एक्स्पोजर सांगते, उजळ भाग डेव्हलपमेंट सांगतो. दोन्हीची सरमिसळ झाली की निदान चुकतं.

सावलीसाठी शीटची कोरी कड शोधा, जिथे होल्डरच्या पट्टीखाली उजेड पोचलाच नव्हता. कातळातली सर्वांत गडद भेग त्या कडेइतकीच पारदर्शक असेल तर तिथे फिल्मने काही टिपलेलंच नाही. कितीही डेव्हलप केलं तरी ते येणार नाही. उजळ भागासाठी जुनी युक्ती आहे. निगेटिव्ह छापील वर्तमानपत्रावर ठेवा आणि आकाशातून खालची अक्षरं दिसतात का बघा. जेमतेम वाचता येत असतील तर घनता ठीक. अक्षरं अगदी सहज दिसत असतील तर निगेटिव्ह कमी डेव्हलप झाली आहे, दिसतच नसतील तर जास्त.

आता तिसरी गोष्ट, जी मी कितीतरी दिवस केली नव्हती. भिंगाने फक्त कातळाचा तुकडा बघा, बाकीची निगेटिव्ह काळ्या कागदाने झाका. त्या तुकड्यात भेग, सावलीतला पृष्ठभाग आणि गवताची रेघ अशा तीन घनता डोळ्याला वेगळ्या दिसतात का? दिसत नसतील, आणि आकाशातून मात्र अक्षरं सहज वाचता येत असतील, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

पूर्ण पल्ला मावला, पण विषय चिरडला

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरची एक सकाळ घ्या. हा कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी सगळा सावलीत असतो आणि पलीकडे खाली कोकणातल्या टेकड्यांवर ऊन पडलेलं असतं. माझ्या वहीत जानेवारीतल्या सकाळचे आकडे आहेत: भेगा ८, सावलीतला कातळ ९ ते सव्वादहा, उन्हातल्या टेकड्या १३, आकाश साडेचौदा. मीटरचा एक आकडा वर म्हणजे एक स्टॉप, उजेड दुप्पट. म्हणजे भेगेपासून आकाशापर्यंत साडेसहा स्टॉप.

झोन सिस्टिममध्ये काळ्यापासून कोऱ्या कागदापर्यंतच्या छटांना एकेका स्टॉपच्या पायऱ्या, म्हणजे झोन, असतात; पाचवा झोन मधला करडा. ती वापरणारा माणूस इथे काय करतो? भेग तिसऱ्या झोनवर ठेवतो. आकाश मग साडेनऊवर जाऊन पडतं, प्रिंटमध्ये कोरा कागद. म्हणून तो डेव्हलपमेंट कमी करतो, एन-मायनस-वन, नाहीतर मायनस-टू. एन म्हणजे नेहमीची डेव्हलपमेंट; मायनस पल्ला तितक्या स्टॉपने आवळतो, प्लस ताणतो. आकाश खाली येतं आणि सगळा पल्ला कागदात मावतो. हिशेब चोख.

पण कातळाचं काय झालं ते बघा. माझा विषय आकाश नव्हता, कडा होता. सबंध कड्याच्या पृष्ठभागात मिळून फरक फक्त सव्वा स्टॉपचा. डेव्हलपमेंट कमी केली तेव्हा आकाशाबरोबर हा सव्वा स्टॉपही आवळला गेला आणि स्टॉपभराच्याही खाली आला. शिवाय डेव्हलपमेंट कमी केली की फिल्मचा खरा वेगही घटतो. त्यामुळे जी भेग तिसऱ्या झोनवर ठेवली असं वाटलं, ती प्रत्यक्षात दुसऱ्याच्या आसपास घसरली आणि तिच्यामागोमाग सगळा कातळ फिल्मच्या त्या तळाच्या भागात सरकला, जिथे छटांमधलं अंतर आधीच कमी असतं. दोन्हीकडून मार. मळकटपणा येतो तो इथून.

अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकन छायाचित्रकारांनी ही पद्धत १९४० च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये शिकवता शिकवता बसवली. तिच्याबद्दल मला आदर आहे आणि मी आजही तीच वापरते. पण अ‍ॅडम्सचा दगड म्हणजे योसेमिटीचा ग्रॅनाइट. तो मुळातच फिकट असतो, सावलीतसुद्धा मधल्या करड्याच्या आसपास राहतो. आपला बसाल्ट काळा. सावलीत गेला की तो आणखी खाली उतरतो, आणि वरचं आकाश मात्र तेवढंच उजळ राहतं. त्यामुळे एन-मायनस आपल्याकडे जास्त वेळा करावासा वाटतो आणि त्याचा फटकाही आपल्यालाच जास्त बसतो.

म्हणून मीटर हातात घेतल्यावर पहिला प्रश्न मी बदलला. आधी ‘पूर्ण पल्ला किती?’ असं विचारायचे. आता विचारते, ‘ज्याच्यासाठी इथवर चढून आले, त्या गोष्टीच्या आत किती स्टॉप आहेत?’ कातळात सव्वा स्टॉप असेल तर त्याला हात लावायचा नाही. डेव्हलपमेंट नेहमीचीच. एक्स्पोजर उदार, म्हणजे भेग खरोखर तिसऱ्या झोनवर पडेल इतकं. आकाशाचा बंदोबस्त वेगळा करायचा, सबंध निगेटिव्हच्या जिवावर करायचा नाही.

तो कसा करायचा याचे मार्ग चार आहेत आणि ते सारखे नाहीत. सर्वांत चांगला म्हणजे थांबणं. कोकणकड्यावर दुपारी साडेबारा-एकनंतर ऊन वरून घासून उतरायला लागतं. त्या तिरप्या उजेडात प्रत्येक थराची कड उजळते आणि तिच्याखाली सावलीची रेघ पडते. सकाळी सव्वा स्टॉपचा असलेला कातळ तेव्हा तीन-साडेतीन स्टॉपचा होतो, आणि आकाश त्याच्या फारतर दीड-दोन स्टॉप वर राहतं. कसलाही खटाटोप न करता सगळं नॉर्मल डेव्हलपमेंटमध्ये बसतं. ‘सकाळचा उजेड चांगला’ हे सरसकट मनात बसलेलं असतं, पण पश्चिमाभिमुख कड्याला ते लागू नाही.

दुसरा मार्ग, आकाश चौकटीतून कमी करणं. कॅमेऱ्याला हालचाली आहेत, पुढची फ्रेम खाली सरकवा. आकाशाची पातळ पट्टी कोरी राहिली तर डोळ्याला खुपत नाही. अर्धं चित्र कोरं असेल तर खुपतं. तिसरा, प्रिंट काढताना आकाश जाळणं, म्हणजे तेवढ्याच भागाला जास्त उजेड देणं, त्यावर शेवटी लिहिते. चौथा फिल्टर, आणि त्यात एक फसगत आहे.

लाल फिल्टरने सावली का मरते

१० एप्रिल १९२७ रोजी अ‍ॅडम्सने योसेमिटीतल्या हाफ डोम कड्याची काचेची प्लेट आधी पिवळ्या फिल्टरने घेतली, मग गडद लाल फिल्टर लावून दुसरी घेतली, आणि त्या दुसऱ्या प्लेटमधलं जवळजवळ काळं आकाश जगाने पाहिलं. तेव्हापासून आकाश उतरवायचं म्हणजे लाल फिल्टर, असं समीकरण झालं.

आपल्या कड्यावर ते लावून बघा. २५ नंबरच्या लाल फिल्टरला तीन स्टॉप वाढवावे लागतात, ते तुम्ही वाढवता. आकाश छान उतरतं. पण भेगा पार मरतात, हिशेबापेक्षा कितीतरी जास्त. कारण सोपं आहे: सावलीत थेट ऊन नसतं. तिथला सगळा उजेड निळ्या आकाशाकडून आलेला असतो, म्हणजे सावली स्वतः निळी असते. जो फिल्टर आकाशाचा निळा अडवतो, तोच सावलीतला निळाही अडवतो. तीन स्टॉपची भरपाई उन्हातल्या भागाला पुरते, सावलीला पुरत नाही.

खात्री करायला प्रयोगशाळा लागत नाही. फिल्टर डोळ्यासमोर धरा, अर्धा मिनिट डोळा सरावू द्या आणि सावलीतल्या कातळाकडे बघा. तो भोकासारखा काळा दिसला तर फिल्मवरही तसाच येणार. सावलीतल्या कड्यासाठी मी फारतर पिवळा लावते, एक स्टॉप भरपाई देते आणि वर अर्धा स्टॉप सावलीसाठी जास्तीचा. लाल फिल्टर मी ठेवते ते ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, कडा पूर्ण उन्हात असताना आणि मागच्या डोंगररांगा निळसर विरत गेलेल्या असताना. तिथे तो खरंच काम करतो, लांबची रांग खेचून पुढे आणतो. ऑगस्टमध्ये मात्र हिरव्या पठारावर लावू नका. सगळं गवत कोळशासारखं येतं.

पावसाळ्यातला उलटा आजार

जून ते सप्टेंबर तक्रार बदलते: ‘धुक्यातली निगेटिव्ह अगदी सपाट येते, एन-प्लस-टू केलं तरी जीव येत नाही.’ इथे बहुतेक वेळा डेव्हलपमेंटचा दोषच नसतो. मीटर धुक्यावर धरलेलं असतं. मीटरला काय माहीत की ते धुकं आहे? ते त्याला मधला करडा करून ठेवतं, आणि पांढरं, आतून उजळलेलं धुकं सिमेंटच्या रंगाचं येतं. धुक्याच्या उजळ भागाला मीटरपेक्षा दीड ते दोन स्टॉप जास्त द्या. तेवढ्यानेच निम्म्या तक्रारी मिटतात.

उरलेल्या निम्म्या रचनेतल्या. धुक्याला उठाव धुक्यातून मिळत नाही. जवळच्या एखाद्या गडद गोष्टीमुळे मिळतो. कारवीचं झुडूप, ओल्या कातळाची कड, वडाची पारंबी, काहीही चालेल, पण ते तिसऱ्या-चौथ्या झोनवर असायला हवं. ते चौकटीत असेल तर धुकं तीन स्टॉप वर आपोआप धुकं वाटतं, आणि डेव्हलपमेंट एन-प्लस-वनच्या पुढे न्यावी लागत नाही. तसं काही नसेल तर एन-प्लस-टूने फक्त दाणे वाढतात आणि धुक्याची मऊ उतरंड तुटून खडूसारखे डाग पडतात. फिल्टरवर खर्च करू नका. निळसर धूसरपणा फिल्टरने कमी होतो, कारण तो हवेच्या बारीक कणांनी निळा उजेड जास्त विखुरल्यामुळे येतो. धुक्याचे थेंब त्या मानाने मोठे; ते सगळे रंग सारखेच विखुरतात, मग कुठला रंग अडवणार?

आणि लेन्सकडे बघा, पुढून आणि मागूनही. नाणेघाटात एकदा मी चार शीट काढल्या, चारही एकसारख्या दुधाळ. पुढची काच मी दर वेळी पुसत होते. मागच्या काचेवर बेलोजच्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या घडीच्या भात्याच्या, आतल्या दमट हवेची वाफ धरली होती. आता लेन्सबोर्ड उतरवून टॉर्चने मागून बघितल्याशिवाय होल्डर आत सरकवत नाही.

घरात शिरलेला काँट्रास्ट

कधी कधी डोंगरावर सगळं बरोबर होतं आणि निगेटिव्ह तरी हार्ड येते, तीही फक्त मार्च ते मेमध्ये. गच्चीवरच्या टाकीचं पाणी तेव्हा तिशीच्या पुढे असतं. डेव्हलपर आपण बर्फाने बरोबर तापमानाला आणतो, थर्मामीटर बघतो, दिवा बंद करतो, आणि मग थर्मामीटर बघायचा प्रश्नच येत नाही. मी ट्रेमध्ये सहा शीट एकावर एक ठेवून अंधारात हाताने खालची वर, खालची वर करते. एकदा शंका आली म्हणून काम संपल्यावर लगेच मोजलं: २४ ला सुरू केलेला डेव्हलपर २७ वर गेलेला. खोली गरम, आणि माझी बोटंही गरम. एक अंश वाढला की डेव्हलपमेंट साधारण आठ-दहा टक्के पुढे जाते. म्हणजे नकळत अर्धा एन-प्लस होऊन गेला.

आता तो ट्रे मोठ्या परातीत ठेवते आणि परातीत त्याच तापमानाचं पाणी भरते. मोठा साठा सावकाश तापतो. २० अंशांचा हट्टही सोडला आहे. एफपी-फोर प्लस ही माझी फिल्म आयडी-इलेव्हन डेव्हलपरमध्ये, तो पाण्यात एकास एक पातळ केला तर, २० अंशांना ११ मिनिटं घेते. २४ ला तेच काम साडेसात मिनिटांच्या आसपास होतं. पण २४ ला एन-मायनस करायला गेलात तर वेळ पाच मिनिटांपर्यंत खाली येते आणि आकाशात पट्टे पडायला लागतात. त्या दिवसांत एकास तीन असं पातळ करा. २० अंशांची २० मिनिटं २४ ला साडेतेरा-चौदा होतात. एवढ्या अवकाशात दहा-पंधरा टक्के कमी-जास्त सुखाने करता येतं.

लांब एक्स्पोजरबद्दल थोडक्यात. संध्याकाळी किंवा घळीत मीटर ३० सेकंद म्हणालं तर एफपी-फोर प्लसला प्रत्यक्षात ७० सेकंदांच्या थोडं वर द्यावे लागतात. आणि लांब एक्स्पोजरमध्ये सावली जास्त मागे पडते, उजळ भाग कमी, म्हणून काँट्रास्ट आपोआप वाढतो. अशा शीटवर खूण करून डेव्हलपमेंट दहा टक्के कमी करते. सांदण दरीसारख्या अरुंद जागी, जिथे वरच्या फटीतून आकाश आणि खाली अंधार, तिथे मी खरोखर एन-मायनस वापरते, कारण तिथे भिंतीच्या आतच पाच स्टॉप असतात. आवळायला तिथे पुरेसा माल आहे.

फिल्मचा वेग मात्र स्वतः तपासा. डब्यावर १२५ लिहिलेलं असतं; माझ्या डेव्हलपरला, माझ्या मीटरला आणि माझ्या शटरला ते ६४ पडतं. पूर्ण एक स्टॉप. तपासायला एकच शीट पुरते. सावलीतल्या एकरंगी भिंतीवर मीटर धरा, तो आकडा चार स्टॉपने कमी करून घ्या, म्हणजे पहिला झोन, आणि होल्डरची डार्क स्लाइड, म्हणजे फिल्मवरचं सरकतं झाकण, टप्प्याटप्प्याने आत सरकवत अर्ध्या-अर्ध्या स्टॉपने वाढवत जा. कोऱ्या कडेपेक्षा किंचित, पण स्पष्ट गडद असा पहिला पट्टा जिथे दिसतो, तो तुमचा वेग. मळकट कातळाच्या बऱ्याच तक्रारी एवढ्यावर सुटतात.

दुसरी शीट

होल्डरला दोन बाजू असतात. दोन्हीवर एकच चित्र, एकाच एक्स्पोजरने घ्या आणि एकच बाजू डेव्हलप करा. ती वाचा, मग दुसरीचं ठरवा. शीट फिल्मचा हा फायदा रोलवाल्यांना नाही, आणि महाग फिल्म वाचवण्याच्या नादात आपण तो सोडून देतो. स्कॅन करणाऱ्यांना एक विनंती: ऑटो लेव्हल्स बंद ठेवा. ते सपाट निगेटिव्हलाही ताणून देखणी करतं आणि आजार महिनोन्महिने लपून राहतो.

कोकणकड्याच्या त्या जानेवारीतल्या सकाळीही दोन शीट होत्या. पहिली मायनस-टू केली होती, तीच ती मळकट. दुसरी डब्यात पडून होती. तिचं एक्स्पोजर ६४ धरून दिलेलं, म्हणून सावली वाचली होती. ती साडेसात मिनिटं पूर्ण डेव्हलप केली. आकाशातून वर्तमानपत्राचं एक अक्षर दिसेना. प्रिंट काढताना मल्टिग्रेड कागदावर कातळ चार नंबरच्या फिल्टरने उतरवला, आकाश पुठ्ठ्याने झाकून. मग फिल्टर बदलून शून्य नंबर लावला आणि फक्त आकाश जाळलं, पुठ्ठा कड्याच्या रेषेवर सतत हलता ठेवून. मऊ फिल्टरने जाळल्यामुळे चुकून थोडा उजेड कातळावर सांडला तरी काळी किनार उमटत नाही. कठीण फिल्टरने हमखास उमटते. कातळाला १८ सेकंद, आकाशाला ७०.

ट्रेमध्ये ओली प्रिंट लखलखीत दिसत होती, म्हणून पुढच्या प्रतीला एक सेकंद कमी दिला, कारण फायबर कागद वाळला की एक पायरी गडद होतो. सकाळी दोरीवरून काढली तेव्हा तिसऱ्या थराखालची गवताची रेघ कातळापासून सुटून दिसत होती.